चौदा पेट्या, एक हात

१

सोमवारी सकाळी दहा वाजता संगणकाने भावनाला चोर ठरवलं आणि साडेदहाला आमच्या साहेबांनी, म्हणजे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी, ते मान्यसुद्धा करून टाकलं. मधल्या अर्ध्या तासात कुणी डोकं चालवलं असेल तर मला ठाऊक नाही. मी बाहेर जीप पुसत होतो.

मी धर्मा. आरोग्य खात्याची जीप चालवतो, एकवीस वर्षं झाली. गाव रोह्याच्या आतल्या अंगाला, घरची भातशेती. समुद्राशी माझा संबंध फक्त ताटापुरता. मी बडबड फार करतो असं कल्पिता मॅडम म्हणतात, आणि तरी प्रत्येक दौऱ्यावर मलाच मागून घेतात. मॅडम म्हणजे आमच्या तालुक्याच्या पर्यवेक्षिका. महाडकडच्या. रिटायर व्हायला दोन वर्षं उरलीत, पण चालताना मला धाप लागते, त्यांना नाही.

तर प्रकरण असं. चौलच्या पुढे खाडीचा पूल ओलांडला, काशीदचा रस्ता धरला की उजव्या हाताला कोपरबंदरचा फाटा लागतो. तिथल्या कोळीवाड्यात पंधरा जणांना बीपी आणि साखरेच्या गोळ्या चालू आहेत. चौदा बायका आणि पंधरावा दत्ताराम तांडेल. सहा महिन्यांपूर्वी या पंधरा जणांना खात्याने प्रत्येकी एक पांढरी पेटी दिली. पेटीत रोजच्या गोळ्यांचे वेगवेगळे कप्पे. झाकण उघडलं की पेटी आपोआप संगणकाला कळवते, आज अमक्याने अमक्या वेळी गोळी घेतली. दिवसभर उघडलीच नाही, तर रात्री पेटी केकाटायला लागते.

पलीकडे बसलेला संगणक हे सगळं वाचतो, माणसाची सवय ओळखतो, आणि कोण गोळ्या सोडायच्या बेतात आहे ते आधीच सांगतो. शिवाय दर महिन्याला शंभरापैकी मार्क देतो. म्हणून आम्ही त्याला हेडमास्तर म्हणतो. खोटं कशाला बोलू, हेडमास्तरचा उपयोग होता. दुसऱ्या एका गावात रावजी म्हणून म्हातारा आहे. त्याने गोळ्या टाकल्याचं हेडमास्तरने तिसऱ्या दिवशी सांगितलं. मॅडम पोचल्या तेव्हा त्याचं बीपी दोनशेच्या वर होतं. आज तो रावजी नातवाच्या लग्नात नाचतोय.

पण सोमवारी हेडमास्तरने लाल अक्षरात लिहून पाठवलं, "कोपरबंदर. पंधरापैकी चौदा पेट्यांच्या नोंदी बनावट. सर्व पेट्या एकाच हाताने उघडल्या जात असण्याची शक्यता सत्त्याण्णव टक्के."

एक हात म्हणजे कुणाचा? पेट्या वाटल्या भावनाने. त्यात गोळ्या भरते भावना. भावना म्हणजे तिथली आशाताई, गावच्या वरच्या आळीत राहते. साहेब दुपारी बाराला माझ्याच जीपमधून कोपरबंदरला गेले, थेट भावनाच्या घरात घुसले, आणि कपाट उघडलं तर आत तीन पेट्या!

"या तुमच्या घरात काय करतायत?" साहेब गरजले.

भावना म्हणाली, "खाऱ्या हवेनं सेलला गंज चढतो, साहेब. मी पुसून, सेल बदलून परत देते. परवाच आणल्यात, तोवरच्या गोळ्या त्यांच्या हातात देऊन."

साहेबांनी ऐकून घेतलं नाही. कोळीवाड्यातल्या बायकांसमोर, भर अंगणात म्हणाले, "सगळा बोगस कारभार आहे. शुक्रवारी हिला कामावरून काढतो आणि पेट्या पण परत नेतो."

भावना रडली नाही. अकरा वर्षं काम केलेली बाई. कोविडात या गावातलं एकही घर तिने सोडलं नव्हतं. मला तिथंच साहेबांना दोन शब्द ऐकवायचे होते, पण पेन्शन आठवली आणि गप्प बसलो. लाज वाटली स्वतःची, सांगून टाकतो.

संध्याकाळी ऑफिसात कल्पिता मॅडमनी साहेबांचं टेबल गाठलं. "शुक्रवार म्हणालात ना? मग गुरुवारपर्यंत हे प्रकरण माझं."

"मॅडम, सत्त्याण्णव टक्के म्हणतंय मशीन."

"मग उरलेले तीन टक्के मला द्या," मॅडम म्हणाल्या.

२

मंगळवारी आम्ही तिघं निघालो. तिसरा विनेश. हेडमास्तर ज्या कंपनीने बनवला तिथला इंजिनिअर. पनवेलचा पोरगा, अठ्ठावीस वर्षांचा, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, मांडीवर लॅपटॉप.

"मॅडम, प्लीज गैरसमज नका करू," तो रस्त्यात म्हणाला. "मला पण कुणाची नोकरी घालवायची नाहीये. पण डेटा बघा ना यार."

मॅडमनी गाडी थांबवायला लावली आणि बघितला. मीही मान वळवून बघितलं. पडद्यावर ठिपके होते. एक ठिपका म्हणजे एकदा उघडलेली पेटी. आणि ते ठिपके तिरक्या रेषेत, जिना चढावा तसे, ओळीने गेले होते.

"हे बघा," विनेश म्हणाला. "पहिल्या दिवशी चौदा पेट्या सकाळी आठच्या आसपास उघडल्या. दुसऱ्या दिवशी पावणेनऊ. तिसऱ्या दिवशी साडेनऊ. रोज पाऊण तासाने पुढे, आणि चौदाच्या चौदा अर्ध्या तासाच्या आत. असं आठ-नऊ दिवस. मग पाच-सहा दिवस सगळा गोंधळ. आणि पंधरवडा झाला की पुन्हा आठ वाजता सुरू. सहा महिने हेच. माणसं अशी गोळ्या घेतात का?"

"नाही घेत?"

"लाखो माणसांच्या सवयी शिकलाय आपला प्रोग्रॅम. माणूस घड्याळाप्रमाणे चालतो. नाश्ता, ऑफिस, जेवण."

"कुठली माणसं रे ती?"

"सगळी. मुंबई, पुणे, नाशिक…"

"हं," मॅडम म्हणाल्या. "आणि पंधरावी पेटी?"

विनेशचा चेहरा उजळला. "दत्ताराम तांडेल! आपला टॉपर. रोज साडेआठ म्हणजे साडेआठ. सहा महिन्यांत एक दिवस चुकला नाही. शंभरपैकी शंभर. साहेबांनी शाल दिली त्याला."

मॅडमनी दुसरा प्रश्न विचारला. "भावनाच्या कपाटात ज्या तीन पेट्या सापडल्या, त्या रविवारी आणि सोमवारी उघडल्या गेल्या का?"

विनेशने बोटं चालवली. "नाही. त्या दोन दिवशी अकराच पेट्या उघडल्यात."

"म्हणजे तिला खोट्याच नोंदी करायच्या असत्या, तर हाताशी असलेल्या तीन पेट्या सोडून लोकांच्या घरातल्या अकरा तिने उघडल्या?"

विनेशने पडद्यावरचे ठिपके पुन्हा एकदा मोजले. मला गाडीतच टाळी वाजवावीशी वाटली.

"चला," मॅडम म्हणाल्या. "एक हात भावनाचा नाही. पण विनेशची रेषाही खोटी नाही. मग चौदा पेट्यांवर हात फिरवतंय कोण?"

कोपरबंदरला पोचलो तेव्हा नऊ वाजले होते. कोळीवाड्यात सामसूम. दारांना कड्या. ओट्यावर दोन म्हातारे जाळं विणत बसले होते. बायका कुठं, विचारलं तर एक म्हणाला, "बाजारान गेल्यात." दुसरा त्याच क्षणी म्हणाला, "देवलान." मग दोघंही जाळ्यात डोकं घालून बसले.

मॅडम वरच्या आळीत भावनाकडे गेल्या. मी धक्क्यावर गेलो. माझ्या धाकटीने सांगितलं होतं, "बाबा, बोट चिखलातून उठते त्याचा व्हिडिओ काढून आणा." धक्क्यासमोर एक निळी बोट चिखलात कुशीवर पडली होती. मी म्हटलं, आपण जरा चहा मारून येऊ. परत आलो तर दहा वाजले होते आणि बोट सरळ उभी राहून डुलत होती. आयला! चहा प्यायला गेलो आणि बोट उठून बसली. मी स्वतःलाच शिव्या घातल्या.

३

साडेदहाला बायका घरोघरी होत्या. मॅडम पहिल्या घरात शिरल्या ते तुळशीच्या. पन्नाशीची, आवाज असा की पलीकडच्या बंदराला ऐकू जावा. केस ओले. दोरीवर लुगडं टपटप गळत होतं. उजव्या टाचेला चिंधी बांधलेली.

"तुळशीताई, गोळी किती वाजता घेता?"

"नऊला! डागतर बोल्ला नऊ, मंग नऊच. एक मिनिट इकडं न्हाय, तिकडं न्हाय."

"आज पण नऊला?"

"व्हय तर!"

मागे विनेश लॅपटॉप बघून पुटपुटला, "तुळशीबाईंची पेटी आज सव्वादहाला उघडली आहे."

तुळशीने पदर तोंडाला लावला. "मंग तुमची पेटी खोटी बोलते," ती म्हणाली, आणि चुलीकडे वळली.

पाच घरं झाली. पाचही बायका म्हणाल्या, नऊ. पाचही पेट्या म्हणत होत्या, दहा ते साडेदहा. विनेश माझ्या कानात म्हणाला, "बघा धर्माकाका, सगळ्या मिळून खोटं बोलतायत." मॅडमनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. त्या तुळशीच्या परसात शिंपल्यांचा केवढा मोठा ढीग पडलाय ते बघत होत्या. माझ्या कमरेएवढा होता.

शेवटचं घर दत्ताराम तांडेलचं. दत्ताराम समुद्रावर गेला होता. त्याची बायको धोंडूबाई गुडघ्याला तेल चोळत बसली होती. आम्हाला बघून उठली, भिंतीवरची शाल दाखवली, प्रमाणपत्र दाखवलं, चहा टाकला.

"शंभर मार्क हाईत, बाय. शालंत असताना यांना कधी पंधरा पडलं नव्हतं," ती हसत म्हणाली. "पेटीला एक दिस चुकू दिलं न्हाय मी."

"तब्येत कशी आहे त्यांची?"

"बोटीवर एकदम ठणठणीत. घरी आले का पयल्या दिशी मात्र गरगरतं. आडवे होतात, घाम सुटतो. लोकांना बोट लागते, आमच्या यांना जमीन लागते!"

आम्ही सगळे हसलो. मॅडमही हसल्या. नंतर त्या स्वतःला फार बोलल्या त्याबद्दल.

निघताना त्या भावनाकडे पुन्हा थांबल्या. भावनाने कपाटातलं काय काय काढून ठेवलं होतं. खात्याचा फोन, वह्या, ओळखपत्र. सगळं टेबलावर रचून.

"शुक्रवारी द्यायचंच आहे," ती म्हणाली. "मॅडम, नोकरी गेली तर मी मिरच्या कांडीन, मला भीती नाही. पण ज्या बायकांच्या बाळंतपणाला मी रात्री धावले, त्यांच्यासमोर मला बोगस म्हणाले. मी उद्या त्यांच्या दारात कोणत्या तोंडाने जाऊ?"

"पेट्यांच्या वेळा तुला कधी दाखवल्या?"

"नाही. फोनवर मला फक्त मार्क येतात. चाळीस, बेचाळीस. मला वाटायचं, मीच कुठं कमी पडते."

मॅडमनी टेबलावरचं ओळखपत्र उचललं आणि तिच्या हातात परत ठेवलं.

बुधवारी आम्ही दहाला पोचलो. पुन्हा तेच. दारांना कड्या, म्हातारे जाळ्यात. मॅडम धक्क्यावर येऊन कठड्यावर बसल्या. हातात चौदा पेट्यांच्या वेळांचा कागद. विनेश उन्हात लॅपटॉपवर सावली धरून बसला होता. मी फोन उभा करून निळ्या बोटीवर रोखून धरला होता. काल दहाला उठली होती, आज दहाच्या आधीच तयार होतो. पण बोट ढिम्म. चिखलात पडलेलीच.

सव्वादहा. साडेदहा. माझा हात भरून आला.

"काय रे धर्मा, काय करतोस?"

"काय सांगू मॅडम! काल दहाला उठून उभी होती ही. आज बघा, पावणेअकरा झाले तेव्हा कुठं हलायला लागलीय. या बोटीला काही वेळेचं भान नाही. रोज पाऊण तास उशीर केला तर मी माझ्या पोरीला…"

मी पुढं बोललो नाही, कारण मॅडम उठून उभ्या राहिल्या होत्या.

"काय म्हणालास? किती उशीर?"

"पाऊण तास."

त्यांनी कागद बघितला, बोट बघितली, पुन्हा कागद बघितला. मग त्या एवढ्या मोठ्याने हसल्या की म्हाताऱ्यांचं जाळं हातातून सुटलं.

"विनेश," त्या म्हणाल्या, "तुझा एक हात सापडला. तो बघ, तिकडून येतोय."

आणि त्यांनी समुद्राकडे बोट दाखवलं.

४

खाडीच्या चिखलातून, खडकांच्या आडून, बायका येत होत्या. चौदा. डोक्यावर टोपल्या, लुगडी गुडघ्याच्या वर खोचलेली, हातात टोकदार लोखंडी हत्यारं. सगळ्यात पुढे तुळशी. आम्हाला बघून ती जागीच थांबली. टोपलीतून पाणी गळत होतं.

"तुळशीताई," मॅडम म्हणाल्या, "बाजार चांगला भरला होता वाटतं?"

तुळशीने टोपली खाली ठेवली. "सांगून टाकते, बाय. जातो आमी. पाणी वसरलं का खडकान तिसऱ्या-कालवांच्या शिंपल्या काढायला जातो. साहेबांनी मागं सांगितलं होतं, साखर असलेल्या बाईनं खडकान पाय टाकायचा न्हाय, जखम झाली तर पाय कापतील. भावनाताईनं तसा कागद पण लावला भिंतीला. पर पोट हाय ना! भावनाताई कोलीवाड्यान दुपारच्याला येते, तिला पण कलू दिलं न्हाय आमी."

"आणि गोळी?"

"गोळी जेवल्यावर घ्यायची ना? मंग. पाण्यावरनं यायचं, आंघोल करायची, जेवायचं, गोळी घ्यायची. एक दिस चुकवली न्हाय, आई शप्पत. पर नऊला घेतो असं बोल्लो न्हाय तर साहेब ओरडतील का न्हाय?"

विनेशचा जबडा खाली आला होता. मॅडमनी कागद त्याच्यासमोर धरला.

"आता बघ. ओहोटी रोज पाऊण तासाने, कधी पन्नास मिनिटांनी पुढे जाते. या जातात ओहोटीला, जेवतात ओहोटीनंतर, म्हणून गोळी ओहोटीच्या मागे मागे. चौदाजणी एकत्र जातात, एकत्र येतात, म्हणून सगळ्या अर्ध्या तासाच्या आत. आणि ते मधले गोंधळाचे दिवस कुठले, तुळशीताई?"

"अष्टमी-नवमीपासून पाच-सहा दिस भांग असतो, बाय," तुळशी म्हणाली. "पाणी धड बाहेर जातच न्हाय. मंग घरीच असतो आमी. ज्याला जवा भूक लागंल तवा जेवायचं."

"आणि अमावास्या-पौर्णिमेला उधाण. पाणी पुन्हा पहाटे लांब ओसरतं, म्हणून पुन्हा आठपासून सुरुवात. घड्याळ पक्कं आहे रे यांचं. फक्त तुझ्या भिंतीवरचं नाही."

विनेश खाली बसला. "म्हणजे या इतक्या नियमित आहेत की…"

"की तुझ्या मशीनला संशय आला," मॅडम म्हणाल्या.

बायका हसायला लागल्या. मीही हसत होतो. भावनाला सांगायला कधी जातोय असं झालं होतं. आणि तेवढ्यात मॅडमचं हसणं मधेच थांबलं.

"विनेश, दत्तारामची पेटी रोज साडेआठला उघडते?"

"हो. आज पण उघडलीय. शंभर टक्के."

"तुळशीताई, दत्ताराम समुद्रावर जाऊन किती दिवस झाले?"

"आठ."

मॅडमनी बोटांवर आठ मोजले.

"माणूस आठ दिवस पाण्यावर," मॅडम हळू बोलल्या, "आणि त्याची गोळी रोज साडेआठला घरातल्या पेटीतून निघतेय. ती जाते कुठं? बोटीवर ठणठणीत आणि घरी आला की पहिल्याच दिवशी गरगरतं…" त्यांनी कपाळावर हात मारला. "काल हसले मी! अगं बाई, काल हसले! तुळशीताई, दत्तारामची बोट कधी यायचीय?"

तुळशीने धक्क्याच्या टोकाकडे मान वळवली. "ती काय, लागली बी मघाशी, खडकावरनं दिसली आमाला. पाणी चढलं तशी आत आली. दत्तारामदादा घरी गेला पन."

मॅडम पळायला लागल्या. त्यांच्या मागे विनेश, त्याच्या मागे मी, आणि माझ्या मागे चौदा बायका, टोपल्यांसकट.

दत्ताराम ओट्यावर पाटावर बसला होता. तांबडा, धिप्पाड माणूस. समोर ताट, ताटात भात आणि पापलेटाचं कालवण. आणि तळहातावर आठ गोळ्या. धोंडूबाई पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी उभी.

"थांबा!" मॅडम ओरडल्या.

"काय झालं?" दत्ताराम म्हणाला, आणि हात तोंडाकडे नेला.

मॅडमनी त्याच्या मनगटावर जो फटका मारला, तसा फटका मी खो-खोच्या मैदानातसुद्धा बघितला नाही. आठच्या आठ गोळ्या कालवणात.

"अवो बाई, माझं पापलेट!" दत्ताराम किंचाळला.

"पापलेट गेलं तर दुसरं मिळेल," मॅडम धापा टाकत म्हणाल्या. होय, पहिल्यांदाच त्यांना धाप लागलेली मी बघितली. "आठ गोळ्या एकदम घेत होतात? बीपीच्या?"

धोंडूबाई गोंधळून गेली. "मंग? डागतर बोल्ला, एक पन गोली चुकवायची न्हाय. हे नसतात तवा पेटी रात्री बोंबलते, आनि मार्क कापतात. म्हणून साडेआठची एसटी फाट्यावर हारन मारते ना, तवा मी रोज उघडते, गोली काढते, डब्यान जपून ठेवते. हे आले का राहिलेल्या सगल्या देते. एक पन चुकवली न्हाय. पेटी बोटीवर धाडली तर खाऱ्या पाण्यानं सडंल ना!"

"धोंडूबाई, राहिलेली गोळी राहिली. ती मागून भरून काढायची नसते. आठ एकदम गेल्या असत्या तर बीपी असं खाली गेलं असतं की यांना उठवता आलं नसतं. मागच्या खेपेला किती दिवस गेले होते?"

"चार. त्याच्या आदी पाच."

"म्हणून गरगरायचं. जमीन लागत नव्हती यांना. गोळ्या लागत होत्या."

धोंडूबाईचा तांब्या हातातून सुटला. ती दत्तारामाच्या शेजारी मटकन बसली आणि त्याचा दंड दोन्ही हातांनी घट्ट धरला. "माझ्या हातानं…" एवढंच म्हणाली.

दत्ताराम ताटाकडे बघत होता. मग त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. "रडतेस काय? मार्कांसाठी तू मारायला निघालीस, आता डागतर बाई वाचवायला आली. जमलं की सगलं." तो मॅडमकडे वळला. "पर बाई, शाल परत द्यावी लागंल का?"

५

गुरुवारी विनेशने दिवसभर भावनाच्या ओट्यावर बसून काम केलं. भावना तिथी सांगायची, तुळशी पाण्याची वेळ सांगायची, तो लॅपटॉपमध्ये घालायचा. हेडमास्तर आता भरती-ओहोटी शिकत होता. दत्तारामसाठी भावनाने घट्ट फिरकीच्या झाकणाची बाटली शोधली, बोटीवर न्यायला. त्यात मोजून गोळ्या, आणि धोंडूबाईला सक्त ताकीद, की पेटी बोंबलली तर बोंबलू दे. पायांसाठी मॅडम गमबूट आणणार होत्या. तुळशी म्हणाली, "गमबूट चिखलान रुततील, आनि आमी वर येऊ. बूट तितंच राहतील." शेवटी कॅनव्हासचे बूट ठरले.

"मला वाटायचं, मशीनला सगळं कळतं," विनेश मला म्हणाला. "त्याला फक्त तेवढंच कळतं, जेवढं आम्ही विचारतो. आणि आम्ही इथं येऊन कधी विचारलंच नाही."

"मग आता येत जा," मी म्हटलं. "पण जेवायच्या वेळेला ये."

एवढं सगळं झालं, तरी भावनाने ओळखपत्र गळ्यात घातलं नव्हतं. "साहेब जिथं बोलले, तिथंच परत बोलू देत," ती म्हणाली. "तोवर नाही."

शुक्रवारी साडेनऊला साहेब आले. त्याच अंगणात खुर्ची मांडली. समोर चौदा बायका, धोंडूबाई, दत्ताराम शाल पांघरून. साहेब उठले, घसा खाकरला. आमच्या साहेबांची सवय आहे, खात्याच्या योजनांपासून सुरू करायचं आणि मुद्द्यावर जेवणाच्या वेळेला पोचायचं. दहा मिनिटं झाली. साहेब अजून राज्याच्या आरोग्य धोरणात होते. तुळशी उठली. तिच्या मागे दुसरी उठली. मग सगळ्याच लुगडी खोचत उठल्या.

"अहो, कुठं चाललात? माझं व्हायचंय अजून," साहेब म्हणाले.

"पाणी चाललं, साहेब," तुळशी म्हणाली. "ते काय तुमच्यासाठी थांबनार हाय? दोन दिसांनी भांग लागंल. बोलायचं असंल ते लवकर बोला."

साहेब मॅडमकडे बघायला लागले. मॅडमनी खाडीकडे बघितलं. साहेबांनी भाषणाचा कागद घडी करून खिशात घातला आणि भावनाकडे वळले.

"भावनाताई, मी चुकलो. न विचारता, न ऐकता तुम्हाला बोगस म्हणालो. या सगळ्यांसमोर माफी मागतो."

"ऐकलं गं सगळ्यांनी?" तुळशीने मागे वळून विचारलं.

"ऐकलं!" तेरा आवाज आले, आणि बायका नवे बूट हातात घेऊन धावत सुटल्या. पायात बूट घाला असं मॅडम मागून ओरडत होत्या.

भावनाने ओळखपत्र गळ्यात घातलं. घाईत दोरी केसांत अडकली, ती धोंडूबाईने सोडवली.

साहेब जेवायला थांबले, कारण दत्तारामने दुसरं पापलेट आणलं होतं. जेवणं उरकून आम्ही ओट्यावर बसलो होतो. विनेशने लॅपटॉप भावनाच्या मांडीवर ठेवला. खालच्या कोळीवाड्यात बायका कधीच्या परत आल्या होत्या, भांड्यांचे आवाज येत होते.

साडेबाराला पहिला ठिपका उमटला. मग दुसरा. मग एकदम चार. भावना प्रत्येक ठिपक्याचं नाव घेत होती, वाचून नाही, नुसती ओळखून. "ही तुळशी, ही पहिली जेवते. ही पूनमची सासू. ही मागच्या आळीतली, हिला भाकरी थापायला वेळ लागतो." तेरा झाले. चौदावा येईना. भावना उठायच्याच बेतात होती, तेवढ्यात तोही आला.

हेडमास्तरने थोडा वेळ घेतला. मग हिरव्या अक्षरात लिहिलं, "कोपरबंदर. चौदा पेट्या. सर्व नियमित."

भावना सोमवारपासून रडली नव्हती. ती आता रडली, आणि रडता रडता हसायला लागली. मग डोळे पुसून उठली, पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाली, "चौदाव्या घरी जाऊन येते. आज उशीर का झाला, विचारते."